सोरायसिस: काढे, ट्यूब आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ – या चुका टाळा

अंगावर लाल चट्टे उठून खपल्या पडायला लागल्या की कोल्हापुरात घरातलं कुणीतरी म्हणतंच, “रक्त बिघडलंय, काढा घे.” पहिली चूक इथंच होते. सोरायसिसमध्ये रक्तात घाण साठलेली नसते. प्रतिकारशक्तीच्या पेशी काही रेणूंमार्फत चुकीचे निरोप धाडत असतात. आयएल-२३ हा रेणू टी पेशी नावाच्या ठरावीक प्रतिकारपेशींना चेतवतो, त्या आयएल-१७ हा रेणू सोडतात, टीएनएफ-अल्फा हा आणखी एक रेणू त्यात भर घालतो. मग एरवी महिनाभरात वर येणारी त्वचेची पेशी चार-पाच दिवसांत, अर्धीकच्चीच वर येते. त्याच पेशी उलट नवे रेणू सोडून आणखी प्रतिकारपेशी बोलावतात. काढ्याने हे चक्र तुटत नाही, त्यात वेळ मात्र जातो.

दुसरी चूक, “सीआरपी (रक्तातून दाह मोजणारी तपासणी) नॉर्मल आला, आता औषध कशाला?” या रेणूंची खरी गर्दी चट्ट्यात असते, रक्तात ती दिसेलच असं नाही. निदान त्वचा पाहूनच होतं, शंका असेल तर बायोप्सी, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणी करतात.

मेडिकलमधून परस्पर गजकर्णाची ट्यूब आणू नका. अनेक ट्यूबमध्ये कडक स्टिरॉइड असतं. स्टिरॉइडच्या गोळ्या तर एकदम बंद केल्या की पू भरलेल्या फोडांचा गंभीर सोरायसिस उसळू शकतो.

सगळ्यात जीवघेणी चूक मेथोट्रेक्सेटची. सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर अस्थिमज्जेवर (हाडांतला रक्त तयार करणारा भाग) परिणाम होऊन माणूस दगावू शकतो. वार ठरवा, तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा आणि आई-वडिलांच्या गोळ्या स्वतः तपासा. कृपया हे उद्यावर टाकू नका.

टीएनएफ रोखणारं इंजेक्शन सुरू करण्याआधी टीबीची तपासणी टाळू नका. शरीरात दबून असलेला टीबी त्यानं जागा होऊ शकतो.

तांबडा रस्सा सोडला म्हणून चट्टे जातात असं नाही. दारू, सिगारेट आणि वाढलेलं वजन यांकडे आधी बघा, कारण चरबीसुद्धा टीएनएफ-अल्फा सोडते. नवी कोल्हापुरी चप्पल चावली, तर त्या जागीही चट्टा उठू शकतो.

सकाळी बोटं आखडत असतील, टाच दुखत असेल, तर ते वयावर ढकलू नका. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवायला गेलात तर चट्ट्यांबरोबर हेही सांगा. सोरायसिसचा संधिवात उशिरा कळला तर सांध्यांची झालेली झीज भरून येत नाही.