जीवाश्म बुरशीचे बीजाणू ओळखताना या चुका टाळा

स्लाइडवर तपकिरी, जाड भित्तीचा बीजाणू दिसला की आधी नाव सुचतं आणि मग आपण त्या नावाला साजेशी लक्षणं शोधत बसतो. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. नाव राहू द्या. पेशी किती, पेशींमधले आडवे पडदे किती, छिद्रं कुठे, भित्ती गुळगुळीत की खडबडीत, लांबी-रुंदी किती मायक्रोमीटर, हे आधी लिहून काढा.

सगळ्यांत जास्त फसवते ती घडी. गाळाच्या दाबाने चपटा झालेला एकपेशी बीजाणू दुमडतो आणि घडीची गडद रेघ थेट पडद्यासारखी दिसते. मी असाच एक बीजाणू द्विपेशी म्हणून नोंदवला होता. नंतर फाइन फोकस हळूहळू फिरवला, तर ती रेघ एका बाजूला भित्तीपर्यंत पोचतच नव्हती, मध्येच विरत होती. पूर्ण पडदा दोन्हीकडे भित्तीला जोडलेला असतो. छिद्र नसलेला एकपेशी बीजाणू इनॅपर्टिस्पोराइट्स या प्रजातीत (जीनसमध्ये) जातो, द्विपेशी असेल तर डायसेलीस्पोराइट्समध्ये. म्हणजे एका घडीपायी प्रजातीच बदलते! छिद्राचंही तेच: खऱ्या छिद्राची कड रेखीव असते, फाटलेल्या जागेची वेडीवाकडी.

सुट्या पेशींकडे दुर्लक्ष करू नका. शाकाहारी प्राण्यांच्या शेणावर वाढणाऱ्या स्पोरोर्मिएल्लाचे बीजाणू बहुपेशी असतात, पण गाळात बहुधा त्यांच्या सुट्या पेशीच सापडतात. पेशीवरची लांब चीर दिसली नाही, तर त्या काळातल्या प्राण्यांचा पुरावाच हातचा जातो.

अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियमसारखे आजचे बीजाणू हवेतून नमुन्यात सहज शिरतात. न चेपलेला, आत पेशीद्रव्य शाबूत असलेला बीजाणू दिसला की शंका घ्या. प्रत्येक खेपेला एक कोरा, म्हणजे गाळ न घातलेला, नमुनाही त्याच रसायनांतून काढा.

एकाच बीजाणूवरून नवी जाती (स्पीशीज) उभी करू नका. वेगवेगळ्या कुळांतल्या बुरशींचे बीजाणू सारखे दिसू शकतात, त्यामुळे नुसत्या आकारावरून आजच्या कुळाशी नातं जोडणं धोक्याचं. नवं नाव द्यायचंच असेल, तर 2013 पासून जीवाश्म बुरशीसाठीही मायकोबँकसारख्या मान्य नोंदणीचा क्रमांक लागतो, हे विसरू नका. प्रकार-नमुन्याचं, म्हणजे ज्या नमुन्यावर ते नाव आधारलेलं असतं त्याचं, चित्र तर हवंच. त्याची स्लाइडवरची जागा इंग्लंड फाइंडरने, म्हणजे क्रमांकित चौकटी कोरलेल्या काचपट्टीने, नोंदवा. सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजवरचे (स्लाइड ठेवायच्या मंचावरचे) आकडे दुसऱ्या सूक्ष्मदर्शकावर जुळत नाहीत आणि तो बीजाणू पुन्हा सापडत नाही.