पान पिवळं पडलं की आधी खताची पिशवी लांब ठेवा

कुंडीतल्या मिरची-टोमॅटोची पानं पिवळी पडली की सल्ला देणाऱ्यांना ऊत येतो. एक जण सांगतो एप्सम सॉल्ट घाला, दुसरा ताक ओतायला सांगतो, तिसरा चहाची पूड, चौथा अंड्याची टरफलं. झाड मुकं असतं, ते सगळं गिळतं आणि पंधरा दिवसांनी मरतं. मीही हे सगळं ओतून पाहिलेलं आहे. आता माझा नियम एकच आहे. पिवळेपणा कुठून सुरू झाला हे कळेपर्यंत कुंडीत चमचाभरही काही घालायचं नाही.

पहिली पायरी: पिवळं पान खालचं की वरचं?

झाडासमोर बसा, उभ्याने बघू नका. खालची, जुनी पानं पिवळी आहेत की शेंड्याची कोवळी, एवढंच आधी ठरवा. निम्मं निदान इथेच होतं. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात फिरू शकतात. तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ती काढून घेतं आणि कोवळ्या पालवीला देतं. म्हणून यांच्या कमतरतेत म्हातारी पानं आधी पिवळी पडतात. लोह, जस्त आणि कॅल्शियम एकदा जिथे बसले तिथून जवळजवळ हलत नाहीत. त्यामुळे त्यांचा तुटवडा नव्या पालवीवर दिसतो.

झाड चांगलं वाढत असेल, वर हिरवंगार असेल आणि अगदी तळाची दोन-तीन पानं पिवळी होऊन गळत असतील, तर ते झाडाचं वय आहे. पानं खुडून टाका आणि कामाला लागा.

दुसरी पायरी: शिरा बघा

पान उजेडासमोर धरा. अख्खं पान शिरांसकट सारखं फिकट पिवळं असेल आणि ते खालचं असेल, तर नत्र कमी पडलंय. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, पान खालचं असेल, तर मॅग्नेशियम. तसंच जाळीदार दिसणारं पान शेंड्याचं असेल तर लोह. कडा करपल्यासारख्या तपकिरी आणि पान जुनं, तर पालाश कमी आहे किंवा कुंडीत क्षार साठलेत.

नत्राचा उपाय सोपा आहे. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या मातीत. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम जेमतेम १० टक्के असतं, तरी लोक ते मूठमूठ टाकतात. पालाशयुक्त खतांचा मारा जास्त झाला तरी मुळं मॅग्नेशियम घेईनाशी होतात, तेव्हा आधी ते खत थांबवा.

इथपर्यंत कोणालाही जमतं. खरी गोची पुढे आहे.

तिसरी पायरी: शेंडा पिवळा, शिरा हिरव्या

शेतकरी याला केवडा पडला म्हणतात. नवी पालवी लिंबासारखी पिवळी, त्यावर हिरव्या शिरांची बारीक नक्षी. दुखणं वाढलं की पालवी जवळजवळ पांढरी पडते. प्रत्येक तक्त्यात याच्यासमोर एकच शब्द असतो: लोह. तो तक्ता खोटा नाही, पण अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणानं माझ्या सहा मिरच्या खाल्ल्या.

पहिल्यांदा केवडा दिसला तेव्हा मी फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत, आणून मातीत घातलं. आठ दिवसांत फरक नाही, म्हणून पुन्हा घातलं. पालवी आणखी पिवळी. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा मातीवर गंजासारखा तांबूस थर चढला. रोपवाटिकेतल्या एकाला विचारलं तर म्हणाला, 'खत कमी पडतंय.' मी तेही केलं. शेवटी वैतागून एक झाड कुंडीतून उलटं काढलं. मातीच्या गोळ्याचा खालचा भाग चिखल होता, त्याला नासक्या अंड्यासारखा वास येत होता. मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल मोजा उतरावा तशी निघून आली आणि हातात नुसता दोरा राहिला. लोह मातीत भरपूर होतं. ते घ्यायला मूळच उरलं नव्हतं.

तेव्हा शेंड्याच्या पिवळेपणाला तीन कारणं असू शकतात, आणि ती याच क्रमाने तपासा: मुळं, मग सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कली आहे ते), मग खरोखरची लोहाची कमतरता. ही तिसरी मला कुंडीत फार क्वचित भेटली आहे.

मुळं आधी. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. शेतकऱ्यांच्या तोंडी यासाठी नेमका शब्द आहे, वाफसा. माती ओलसर आहे, पण कणांमधल्या पोकळ्यांत पाण्याबरोबर हवाही खेळतेय, ती अवस्था. कुंडीत वाफसा यायला वेळ लागतो आणि आपण त्याआधीच पुन्हा झारी घेऊन येतो. 'रोज एक तांब्या पाणी' हा सल्ला देणाऱ्याने कुंडी उचलून पाहिलेली नसते. तुम्ही उचला. पाणी घातल्यावर लगेच उचला, आणि माती वरून दोन पेरं सुकल्यावर पुन्हा उचला. हा फरक हाताला चार दिवसांत कळतो. नंतर बोट खुपसायचीही गरज पडत नाही. वरची माती कोरडी दिसते म्हणून पाणी घालणं ही सर्वांत घातक सवय आहे, कारण कुंडीत पाणी तळाशी साचतं, वर नाही.

पाणी जास्त झालेलं झाड आणि तहानलेलं झाड दोन्ही माना टाकतात. तहानलेल्याचं पान पातळ, कागदासारखं लागतं आणि कुंडी हलकी असते. जास्त पाण्याच्या झाडाचं पान जड, फुगीर वाटतं, देठापासून खाली वळतं आणि कुंडी जड असते. मातीवर बारीक काळ्या चिलटांचे थवे उडत असतील तर ती माती सतत ओली आहे हे धरूनच चाला.

संशय आला तर झाड बाहेर काढून बघायला घाबरू नका. आदल्या दिवशी पाणी देऊ नका, तळहाताने माती धरा, कुंडी उलटी करून काठ आपटा, गोळा सरकून येतो. मुळं पांढरी किंवा फिकट दुधी, ताठ आणि मातीच्या वासाची असली तर ती ठीक आहेत, झाड जसंच्या तसं परत ठेवा. तपकिरी, बुळबुळीत आणि आंबूस असतील तर सडलेली कात्रीने कापा, तळाची छिद्रं मोकळी करा आणि कोरड्या, भुसभुशीत मिश्रणात लावा. मिश्रणात एक तृतीयांश तरी कोकोपीट किंवा जाड वाळू हवी. तळाशी विटांचे तुकडे आणि खडी पसरून निचरा होतो ही समजूत सोडून द्या. खडीच्या वरच्या मातीतच पाणी अडून राहतं, फक्त मुळांची जागा कमी होते. लावल्यावर दोन आठवडे खत शून्य. निम्मी मुळं गेली असतील तर शेंड्याची थोडी छाटणीही करा, उरलेल्या मुळांना तेवढीच पानं पोसता येतात.

मुळं पांढरीशुभ्र निघाली, तरी शेंडा पिवळाच? मग सामू मोजायचा. मी वर्षभर टाळलेलं काम हेच होतं आणि सगळ्यांत जास्त नुकसान त्याच टाळाटाळीने झालं. सामू वाढला की लोह मातीत असूनही न विरघळणाऱ्या रूपात जातं. सामूचा एक अंक वाढला की त्या लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटीने घटते. मी घातलेलं फेरस सल्फेट तिथल्या तिथे गंजून बसलं ते यामुळेच. कारण बहुतेक वेळा पाण्यात असतं. बोअरचं जड पाणी दर झारीबरोबर बायकार्बोनेट आणतं आणि काही महिन्यांत कुंडीचा सामू वर चढवतं. अंड्याची टरफलं, राख आणि चुना घालणारे त्यात भर टाकतात. टरफलं तर पिवळ्या झाडाला कधीच घालू नका.

मोजायचं असं. कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या आणि तासभर थांबा. खाली स्वच्छ ताटली ठेवा. मग वरून डिस्टिल्ड पाणी सावकाश ओता, ताटलीत साधारण ५० मिली निचरा जमेल एवढंच. त्या निचऱ्याचा सामू मोजा. कागदी पट्ट्या चालतात. पेनासारखा मीटर असेल तर ४ आणि ७ च्या द्रावणात आधी तो जुळवून घ्या, न जुळवलेला मीटर म्हणजे खेळणं. मातीत खुपसायचे दोन दांड्यांचे मीटर मिळतात, त्यांच्यावर पैसे घालवू नका. माझ्याकडचा कोरड्या मातीत एक आकडा दाखवायचा आणि ओल्यात दुसरा.

निचरा ६ ते ६.८ मध्ये असेल तर सामूचा दोष नाही. ७.२ च्या वर असेल तर तुमचं उत्तर सापडलं. माझ्या त्या कुंड्यांचा निघाला ७.९.

चौथी पायरी: सामू खाली आणा, पण धसमुसळेपणा नको

झारीच्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल घाला, ढवळा, मोजा. ६ ते ६.५ येईपर्यंत चिमूट-चिमूट वाढवा. मी प्रमाण देत नाही कारण प्रत्येकाच्या पाण्याचा जडपणा वेगळा, एकाची चिमूट दुसऱ्याच्या झाडाला जाळेल. हे पाणी पुढचे तीन-चार आठवडे वापरा. पावसाचं पाणी साठवता येत असेल तर त्याहून बरं काही नाही. मातीत गंधक मिसळण्याचा उपाय खरा आहे, पण जिवाणूंनी त्याचं आम्ल करायला आठवडे लागतात. पुढच्या हंगामाची माती करताना तो वापरा, आजारी झाडावर नको.

दरम्यान झाडाला लोह द्यायचंच असेल तर चिलेटेड द्या, म्हणजे ते मातीत गंजून बसू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं, आणि पुडीवरची अक्षरं वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह सामू ६.५ च्या आसपासपर्यंतच टिकतं, डीटीपीए साधारण ७ च्या थोडं वर, आणि ईडीडीएचए ९ पर्यंत. सामू ७.९ असताना ईडीटीए घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ईडीडीएचए गडद लाल असतं, हाताला आणि फरशीला डाग पडतात, ते मातीतूनच द्या.

खात्री करून घ्यायची एक युक्ती सांगतो, जी मला फार उशिरा कळली. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम फेरस सल्फेट आणि अर्धा ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा. थेंबभर साबण घाला. संध्याकाळी एका पिवळ्या कोवळ्या पानाच्या अर्ध्या भागाला हे द्रावण बोटाने किंवा मऊ ब्रशने लावा, उरलेला अर्धा तसाच सोडा. सहा-सात दिवसांत लावलेल्या भागात हिरवे ठिपके, पट्टे दिसू लागले तर दुखणं लोहाचंच. काहीच झालं नाही तर लोह सोडून द्या आणि पुन्हा मुळांकडे जा. अख्खं झाड पणाला न लावता एका पानाला विचारून घ्यायचं.

पाचवी पायरी: क्षार

मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पापडी जमली असेल, कडा करपत असतील, तर खताचा अतिरेक झालाय. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश ओतून सगळं वाहू द्या. नंतर पूर्ण वाफसा येईपर्यंत हात लावू नका.

आता वाट बघा

पूर्ण पिवळं झालेलं जुनं पान परत हिरवं होत नाही. तेच पान रोज बघून निराश होणारे लोक तिसऱ्या दिवशी नवीन औषध घालतात आणि मग कशामुळे काय झालं ते कोणालाच कळत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि पुढची दोन पानं कोणत्या रंगाची येतात ते बघा. मिरचीला त्यासाठी दहा-बारा दिवस द्यावे लागतात. कधी, काय आणि किती घातलं ते वहीत लिहा. माझ्या वहीत त्या वर्षीची तीन पानं नुसती फेरस सल्फेटची आहेत.

आणि कीड असेल तर

पिवळेपणा शिरांप्रमाणे न जाता बारीक टिपक्यांचा असेल, तर पान उलटं करा. पांढरा कागद खाली धरून फांदी झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर लाल कोळी आहे. पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, ऊन उतरल्यावर, पाच-पाच दिवसांनी तीनदा.

टोमॅटोची पालवी कडांनी पिवळी, वर वळलेली वाटीसारखी, पानं लहान आणि झाड खुरटलेलं असेल, तर तो पर्णगुच्छ विषाणू असण्याची शक्यता मोठी. त्याला औषध नाही. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. म्हणून उपटायच्या आधी सकाळी माश्या सुस्त असताना झाडावर वरून प्लॅस्टिकची पिशवी घाला, तळाशी गाठ मारा आणि मगच मुळासकट ओढा. आधी उपटलंत तर त्या उडून शेजारच्या कुंडीवर बसतात.