डोन-ताच्या चटईवर बसण्याआधी

थायलंडच्या सुरिन प्रांतात, ख्मेर, म्हणजे कंबोडियाची भाषा, बोलणाऱ्या एका खेड्यात मी सहा वर्षं काढली. आता आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं तिकडे सेवेला जायचं म्हणतात आणि विचारतात, "ताई, सुरुवात कुठून करायची?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कागदपत्रांचं आधी उरका. टुरिस्ट व्हिसावर जाऊन सुवार्ता सांगत फिरू नका. सरकारमान्य ख्रिस्ती संस्थेमार्फत रीतसर व्हिसा काढा.

मग भाषा. थाई आली की बाजारहाट होतो, पण ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या आपसात बोलतात ती ख्मेर. मी हौसेने कंबोडियातून खोकाभर ख्मेर बायबलं आणली. लोकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आदराने उंच फळीवर ठेवली, आणि ती तिथेच राहिली. ही माणसं थाई शाळेत शिकलेली. ख्मेर लिपी वाचणारे फार थोडे. तेव्हा ऐकवता येईल असं न्या, आणि तेही इथल्या बोलीतलं. कंबोडियात शब्दाच्या शेवटचा 'र' उच्चारत नाहीत, इथे तो खणखणीत वाजतो. पाहुण्याने तो गिळला की पोरं हसतात.

"तुम्ही थाई की ख्मेर?" हे चुकूनही विचारू नका. जुलै २०२५ मध्ये सीमेवरच्या ता मुएन थोम देवळाच्या परिसरात थायलंड आणि कंबोडियाची लढाई जुंपली, सीमेलगतच्या गावांना घरंदारं सोडून पळावं लागलं. त्यानंतर तर हा प्रश्न जखमेवर मीठ चोळल्यासारखा आहे.

मराठी माणसाचा घात करतात ते ओळखीचे शब्द. पुण्य म्हणजे इथे 'बोन' आणि पाप म्हणजे 'बाप'. पहिले काही दिवस मला वाटायचं, ही मंडळी सारखी कोणाच्या वडिलांबद्दल बोलताहेत! पण शब्द कळला म्हणजे वजन कळलं असं नाही. मुलगा भिक्खू होतो तो आईला बोन मिळावं म्हणून. तो ख्रिस्ती झाला तर आईच्या वाट्याचं बोन कोण मिळवणार? तरुणाशी बोलण्याआधी त्याच्या आईपाशी जाऊन बसा. तिला न विचारता बाप्तिस्म्याची तारीख ठरवू नका.

गावाच्या रखवालदार देवाचं, न्याक ता याचं, छोटं देऊळ दिसेल. त्याची टिंगल नको, ते पाडण्याची भाषा तर नकोच. आजारपण लांबलं की 'मामुअत' बसवतात, म्हणजे आपल्याकडे अंगात येतं तसंच. अंगात येणारी बहुतेक वेळा बाईच असते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तांदळाच्या भांड्यात मेणबत्ती खोचून ती भांडं गोल गोल फिरवत होती, बाजूला ढोल आणि तंतुवाद्य. आजारी माणूस भिंतीला टेकून बसलेला, आणि सगळं गाव त्याच्यासाठी जागं. माझ्या मनात आलं, आपली प्रार्थना अर्ध्या तासात आटोपते. तेव्हापासून आजाऱ्याकडे गेले की रात्रभर राहते. तुम्हीही राहा, पण दवाखान्यात न्यायला गाडी आधी सांगून ठेवा.

आता सगळ्यात अवघड दिवस: सेन डोन-ता. डोन म्हणजे आजी, ता म्हणजे आजोबा. थाई पंचांगाच्या दहाव्या महिन्यात, वद्य चतुर्दशीला. म्हणजे आपल्या सर्वपित्रीच्या आसपासच. बँकॉकला कामाला गेलेली मुलं गावी येतात, चटईवर कोंबडी, भात, केळी, दारू मांडतात आणि मेलेल्यांना नावं घेऊन जेवायला बोलावतात. पहिल्या वर्षी माझ्या घरमालकीण आजींनी त्याच चटईवरचं ताट माझ्यापुढे केलं. मी सगळ्यांदेखत हात मागे घेतला आणि नैवेद्य न खाण्याला बायबलातल्या करिंथकरांस पत्राचा आधार सांगत बसले. आजी काही बोलल्या नाहीत. ताट उचलून आत नेलं. पुढचे चार महिने माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

माझं न खाणं चूक नव्हतं, वेळ चुकली. आठवडाभर आधी एकटीने जाऊन सांगायला हवं होतं: "आजी, मी नैवेद्यातलं खात नाही, पण स्वयंपाकाला येते." दुसऱ्या वर्षी तसंच केलं. पहाटे चारला कोंबड्या सोलायला बसले. आजींनी नैवेद्य मांडण्याआधी पातेल्यातला भात माझ्यासाठी वेगळा काढून ठेवला, वर केळीचं पान झाकून.

मग त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. मी मागे बसून ती नावं वहीत लिहून घेतली. संध्याकाळी त्यांनी वही मागितली आणि एकेका नावावर बोट ठेवून तो माणूस कसा होता ते सांगितलं. रात्री उशिरा त्यांनीच विचारलं, "तुझ्या येशूला आजी होती का गं?"