नव्या देशातली नोकरी: वय, नाव आणि चेहऱ्यावरचं हसू

परदेशातल्या पहिल्या नोकरीत काम जमेल का, ही धास्ती सगळ्यांनाच असते. काम जमतं हो. दमवतं ते भलतंच: दिवसभर चेहरा सांभाळणं.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये याला भावनिक श्रम म्हटलं. त्यांनी हवाईसुंदऱ्यांचा अभ्यास केला, तसा थकबाकी वसूल करणाऱ्यांचाही. एकांना पगार हसण्याचा, दुसऱ्यांना दरडावण्याचा! नवख्याची अडचण अशी, की कुठे हसायचं आणि किती नाराजी चालते, हे कुणी लिहून देत नाही. तेव्हा सुरुवातीला मीटिंगमध्ये एवढंच बघा: बॉसचं म्हणणं पटलं नाही तर जुने लोक काय करतात? तिथेच बोलतात, नंतर एकट्यात गाठतात, की गप्प बसून संध्याकाळी ईमेल टाकतात? तुम्हीही तसंच करा. आतून धुमसत वरवर हसत राहिलं की माणूस लवकर पिचतो, हे संशोधनातही वारंवार दिसलंय. 'आज डोकं फिरलंय' असं ज्याला सांगता येईल, असा एक तरी सहकारी जोडा.

चाळिशीत आलेल्यांना वय जास्त झोंबतं. तिकडे अख्खी टीम सांभाळलेली, इथे तिशीच्या आतली बॉस, आणि तिला चक्क नावाने हाक मारायची. जीभ अडखळते, पण मारा. 'आमच्याकडे असं करायचे' म्हणालात की समोरच्याचं लक्ष उडालंच समजा. 'हा घोळ मी आधी पाहिलाय, पहिल्यांदा हे तपासू' म्हणा, मग ऐकतात. कायदाही माहीत करून घ्या, कारण तो देशागणिक बदलतो: अमेरिकेतला वयभेदाविरुद्धचा १९६७ चा कायदा ४० आणि त्यापुढच्यांसाठीच आहे, ब्रिटनचा २०१० चा समता कायदा कुठल्याही वयाला लागू होतो.

नावाचं थोडक्यात सांगतो. अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी टोरांटोत नोकरीसाठी हजारो बनावट अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण-अनुभव सारखा असूनही भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांना इंग्रजी नावांपेक्षा कमी बोलावणी आली. त्यामुळे उत्तर आलं नाही की लगेच स्वतःला कमी लेखू नका. सोपं टोपणनाव घ्यायचं का? मी नाही घेतलं, पण घेणाऱ्याला नावंही ठेवत नाही. जे ठरवाल त्याचा उच्चार मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाका. सहा महिन्यांनी सांगायला फार अवघड जातं.

आणि दुपारी रोज आपल्याच घोळक्यात बसू नका. नव्या प्रोजेक्टची कुणकुण बहुधा दुसऱ्याच टेबलावर आधी लागते.