ओहोटीच्या डबक्यांतले जीवन पाहायला जाताना

कार्टर रोड किंवा हाजी अलीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला जी डबकी उरतात, ती पाहायला जाण्याआधी पंचांग किंवा भरतीचे वेळापत्रक उघडावे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते आणि त्या दिवशी मुंबईत पाणी साधारण सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्वांत खाली जाते. पुढे ही वेळ रोज सुमारे पाऊण तासाने सरकते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमजोर भरती-ओहोटी, असल्याने पाणी फारसे हटत नाही, त्यामुळे ते दिवस सोडावेत. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोहोचावे आणि पाणी वळताच परतावे, कारण भरतीचे पाणी समोरून दिसण्याआधी पाठीमागच्या सखल भागात शिरलेले असते. पावसाळ्यात जाऊच नये.

हिरव्या शेवाळावर चप्पल टिकत नाही, म्हणून पकड असलेले जुने बूट घालावेत.

नवखी माणसे खडकांवरून भराभर फिरतात आणि 'काहीच दिसले नाही' म्हणून परततात. माझा आग्रह असा की, एकच डबके निवडावे, आपली सावली त्यावर पडणार नाही अशा बाजूला बसावे आणि दहा मिनिटे हलू नये. आपली चाहूल लागताच शंखात दडलेला संन्यासी खेकडा आधी मिशा, मग डोळे बाहेर काढतो आणि शंख ओढत पुन्हा चरू लागतो. मिटून चिखलाच्या गोळ्यासारखे दिसणारे समुद्रफूल (हा फुलासारखा दिसणारा प्राणीच) पाण्याखाली हळूहळू आपली शुंडके उलगडते. त्याला बोट लावण्याचा मोह आवरावा. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख तर मुळीच उचलू नये, कारण त्याचा दंश विषारी असतो.

दगड उलटून पाहिलाच, तर तो हलक्या हाताने पूर्ववत ठेवावा, नाहीतर त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात वाळून मरतात. येथे प्रवाळेही आहेत. 2020 मध्ये किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीजवळची काही प्रवाळे उचलून दुसरीकडे लावावी लागली होती. त्यांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून त्यांवर पाय पडू देऊ नये.

आठवण म्हणून रिकामा शंखही घरी आणू नये. संन्यासी खेकडा वाढला की त्याला मोठा शंख लागतो आणि तो त्याला याच खडपांत शोधावा लागतो.