योगनिद्रेला आडवं होण्याआधी

योगनिद्रा म्हणजे आडवं पडून, रेकॉर्डिंगमधला आवाज सांगेल तसं लक्ष अंगभर फिरवत घेतलेली जागेपणीची विश्रांती. आडवंच तर व्हायचंय, त्याला कसली आलीय तयारी, असं म्हणून मी पहिल्यांदा तशीच पडले आणि अर्धा तास वाया घालवला. पहिल्यांदा करणार असाल तर आधी हे वाचा.

सतरंजी, त्यावर दुमडलेली घोंगडी. पलंग नको, गादीला पाठ टेकली की शरीर नेहमीचंच काम सुरू करतं. चष्मा काढा, नाडी सैल करा, बाथरूमला जाऊन या. पोटभर जेवला असाल तर दोन-तीन तास जाऊ द्या. अंगावर चादर हवीच. न हलता पडलं की अंग गार पडतं, हे उन्हाळ्यातही होतं. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली लोड घ्या. गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील तर उताणं न झोपता डाव्या कुशीवर.

रेकॉर्डिंग आधी डाउनलोड करून फोन एअरप्लेन मोडवर टाका. ‘शरीर जड होत आहे’ म्हणता म्हणता गृहकर्जाची जाहिरात लागली की संपलंच. कुकर चढवून तर मुळीच येऊ नका, मन शिट्ट्याच मोजत बसतं.

आता संकल्प, म्हणजे मनाशी धरलेला निश्चय. तो आधी ठरवा. कागदावर लिहा. तो कागद आडवं होण्याआधी वाचा.

सुरुवातीलाच तो आवाज म्हणतो, ‘आता आपला संकल्प मनात तीन वेळा म्हणा,’ आणि थांबतो. फार तर दहा-पंधरा सेकंद. तेवढ्यात मी वजनापासून सुरुवात केली, तिथून आईच्या गुडघ्यावर गेले, मग ‘चिडायचं नाही’ असं काहीतरी जुळवत होते तोवर आवाज उजव्या हाताच्या अंगठ्यावर पोचलासुद्धा. तो पोटरीवर, मी अजून संकल्पावर. शेवटी ‘तोच संकल्प, त्याच शब्दांत’ अशी सूचना आली. तोच म्हणजे कुठला? सत्यनारायणाला गुरुजी गोत्र विचारतात आणि हातावर पाणी घेतलेला यजमान स्वयंपाकघराकडे मान वळवून ‘आई, आपलं गोत्र काय गं?’ म्हणून ओरडतो, तशी गत. त्याला निदान विचारायला आई असते.

तर, संकल्प एकच. छोटा, एका वाक्याचा, आपण घरात बोलतो त्या मराठीत. ‘मी चिडणार नाही’ नको, त्यात चिडणंच आधी आठवतं. ‘मी शांतपणे ऐकून घेते’ हे चालेल. ‘फ्लॅटचं काम होऊ दे’ हा नवस झाला, संकल्प नव्हे. आणि दर आठवड्याला नवा काढायचा नाही. शब्दसुद्धा तेच ठेवायचे, म्हणून तर लिहा म्हणतेय.

ही पद्धत स्वामी सत्यानंद सरस्वतींची. १९६० च्या दशकात त्यांनी बिहारमध्ये गंगेकाठी मुंगेरला बिहार योग विद्यालय सुरू केलं. पद्धतीचं मूळ तंत्रमार्गातल्या न्यासात आहे. पूजेत ‘हृदयाय नमः’ म्हणत छातीला हात लावतात ना, तोच न्यास. सत्यानंदांनी मंत्र आणि स्पर्श बाजूला ठेवून लक्ष तेवढं अंगभर फिरवलं. उजव्या हाताचा अंगठा, मग बोटं, तळहात, मनगट, कोपर, खांदा, काख, कंबर, तसं खाली पायाच्या करंगळीपर्यंत. मग डावी बाजू, पाठ, पुढची बाजू. हा क्रम मोडत नाहीत. म्हणून रोज नवं रेकॉर्डिंग चाखत बसू नका, एक धरा. क्रम अंगवळणी पडला की लक्ष आपसूक पुढे सरकतं.

इथे बहुतेक जण जोर लावतात. अंगठा ‘जाणवलाच पाहिजे’ म्हणून कपाळाला आठ्या. जाणवला नाही तर राहू दे, नाव ऐकलं, पुढे चला. एकाग्र व्हायचं नाहीये, आवाजाचं बोट धरून चालायचंय. झोप लागली तर लागली. रोजच लागत असेल तर रात्रीची वेळ सोडून सकाळची घ्या.

एक मात्र गमतीत घेऊ नका. मनावर मोठा आघात होऊन गेला असेल किंवा मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर रेकॉर्डिंग लावून एकट्याने करू नका. आधी डॉक्टरांशी बोला, मग जाणत्या शिक्षकासमोर करा. दडपलेलं वर येतं कधीकधी.

कागद वाचलात का? पडून आठवू म्हणाल तर आठवत नाही.

पुढचं सगळं रेकॉर्डिंग करून घेतं. श्वास उलटे मोजायचे, सत्तावीसपासून एकपर्यंत. चुकलात की पुन्हा सत्तावीस. मग जड-हलकं, गार-गरम असं अंगात जाणवून पाहायचं. मग भराभर चित्रं, दिसतील ती दिसतील. मग पुन्हा संकल्प, तीनदा, कागदावरचाच.

उठताना बोटं हलवा, कुशीवर वळा, थोडं थांबा, मग बसा. ताडकन उठलात तर चक्कर येईल. लगेच गाडी काढू नका. चादर घडी घाला, कागद घडीतच ठेवा, उद्या सापडेल.