पॉवर विडर: जोडणी, चालवणं आणि निगा, काळ्या रानातल्या शेतकऱ्यासाठी

बैलजोडी सांभाळणं परवडेना, खुरपणीला बाया मिळेनात, म्हणून आमच्या परभणी जिल्ह्यातल्या सेलू-जिंतूर भागात आता बऱ्याच आखाड्यांवर, म्हणजे शेतातल्या वस्त्यांवर, पॉवर विडर दिसतो. इंजिनावर फिरणाऱ्या पात्यांनी तण काढणारं, मागे चालत हाकायचं हे यंत्र. यंत्र कामाचं आहे. चार फुटी कापसाच्या तासातून, म्हणजे दोन ओळींमधल्या पट्ट्यातून, ते चालायला लागलं की दोन दिवसांचं काम एका सकाळी उरकतं. पण ट्रॅक्टरवर आपण यंत्राच्या वर बसलेले असतो, इथे फिरती पाती आपल्या पायापासून दोन हातांवर असतात. माझ्या भावकीतल्या एका चुलत्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं अशाच विडरमध्ये गेली. पुढे सगळं सविस्तर सांगतो, त्याचं कारण तेच.

घेताना

अनुदानातून घ्यायचा असेल तर आधी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करा, निवड होऊ द्या, पूर्वसंमती हातात येऊ द्या आणि मगच दुकानात जा. आधी खरेदी करून नंतर अर्ज केला तर अनुदान मिळत नाही. कापूस, हळद, ऊस आणि भाजीपाल्याच्या आंतरमशागतीला ५ ते ७ एचपीचा पेट्रोल विडर पुरतो. डिझेलचा ९ एचपीचा ताकदवान खरा, पण त्याचं वजन शंभर किलोच्या वर जातं आणि तासाच्या टोकाला तो वळवताना खांदे भरून येतात. घरात चालवणारा माणूस पन्नाशीच्या पुढचा असेल तर हलकाच घ्या.

जोडणी

खोक्यातून विडर निघतो तेव्हा हँडल, पाती, मागचा खोली ठरवणारा खुंट आणि चिखलरोधक पत्रे सुटे असतात. जोडणी सपाट जागेवर करा, खाली ताडपत्री अंथरा म्हणजे नट-बोल्ट मातीत हरवणार नाहीत.

आधी हँडल बसवा. त्याची उंची चालवणाऱ्याच्या कमरेच्या जरा वर ठेवा. वाकून चालवावं लागलं तर तासाभरात पाठ धरते, आणि दमलेल्या माणसाच्या हातूनच चूक होते.

मग पाती. पात्यांचे डावे आणि उजवे असे दोन संच असतात. एकमेकांच्या जागी बसले तर यंत्र माती न कापता नुसतं उड्या मारतं. ओळखायची खूण सोपी आहे: दांड्यावर वरच्या बाजूला आलेल्या पात्याची धार पुढे, म्हणजे यंत्र ज्या दिशेने चालणार त्या दिशेने असली पाहिजे. पिना आणि त्यांच्या क्लिपा पूर्ण आत बसल्यात का ते बोटाने चाचपून पाहा. वरचे पत्रे "माती अडकते" म्हणून काढून ठेवणारे बरेच आहेत. ते पत्रे उडणारा दगड आणि तुमचा पाय यांच्यामध्ये असतात. काढू नका.

शेवटी क्लचची वायर. लिव्हर दाबला की पाती फिरली पाहिजेत आणि सोडला की थांबली पाहिजेत. विडरला वेगळा ब्रेक नसतो, हा लिव्हरच तुमचा ब्रेक. वायर फार ताठ बसवली तर लिव्हर सोडल्यावरही पाती हळूहळू फिरत राहतात. म्हणून थोडी ढिलाई ठेवा आणि रानात नेण्याआधी हे दोन-तीनदा तपासा.

तेल, आणि मगच दोरी

नवं इंजिन बहुतेक वेळा कोरडं येतं, त्यात ऑइल भरलेलं नसतं. गिअरबॉक्सचंही तेच. आमच्या पहिल्या विडरच्या वेळी दुकानदार "सगळं भरलंय" म्हणाला आणि मी ते खरं मानलं. गिअरबॉक्स कोरडा होता. तिसऱ्या दिवशी आतून कराकरा आवाज यायला लागला आणि दुरुस्तीत अख्खी खुरपणीची वेळ निघून गेली. तेव्हापासून मी स्वतः झाकण उघडून बघितल्याशिवाय दोरीला हात लावत नाही.

लहान पेट्रोल इंजिनात साधारण ६०० मिली ऑइल बसतं. आपल्याकडच्या उन्हाला १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४० चालतं. गिअरबॉक्सला एसएई ९०. पातळी बघताना यंत्र सपाट ठेवा. बहुतेक पेट्रोल इंजिनांत झाकणाला असलेली तेल मोजायची पट्टी पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. आटे फिरवून बघितलं तर तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

इंजिन थंड असतानाच पेट्रोल भरा. रानात टाकी संपली तर दहा-पंधरा मिनिटं लिंबाखाली बसा, पाणी प्या, मग भरा. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोलचा एक ओघळ गेला तरी भडका उडतो. बिडी-सिगारेट तेव्हा लांबच. आणि शेडमध्ये दार लावून इंजिन चालू करू नका, त्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही.

सुरू करण्याचा क्रम असा: गिअर न्यूट्रल, पेट्रोलचा कॉक उघडा, इंजिन थंड असेल तर चोक लावा, रेस थोडी द्या, स्विच चालू. दोरी आधी हळूच ओढा. एका जागी ती जड लागते, तिथून मग जोरात ओढा. ओढल्यावर ती सोडून देऊ नका, हाताने परत आत जाऊ द्या. इंजिन धरलं की चोक हळूहळू काढा आणि दोन मिनिटं तसंच चालू द्या.

रानात जाण्याआधी वापसा बघा

काळ्या मातीत या यंत्राचं सगळं गणित वापशावर, म्हणजे मशागतीला योग्य अशा ओलीवर आहे. ओल्यात घातला तर पात्यांना चिखलाचे गोळे चिकटतात, इंजिन दम टाकतं आणि मागे ढेकळांची विटांसारखी रांग पडते. फार वाळल्यावर घातला तर पाती जमिनीवर नाचतात आणि हँडल हातातून निसटायला बघतं. तपासायला तीन बोटं खोलीवरची माती उचला, मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाका. गोळा फुटून भुगा झाला तर वापसा आहे. थप्पकन चपटा झाला तर दुसऱ्या दिवशी या. गोळाच झाला नाही तर जमीन वाळलेली आहे.

त्याच फेरीत ओळींमधून एकदा पायी चाला. दगड, गेल्या वर्षीच्या पऱ्हाटीची (कापसाच्या झाडांची) धसकटं, तार, आणि मुख्य म्हणजे ठिबकच्या नळ्या. नळ्या उचलून ओळीच्या बुडाशी सरकवा. एक नळी पात्यात गेली की दहा-पंधरा फूट गुंडाळली जाते.

अंगावरचे कपडे हा बोलायलाच हवा असा विषय आहे. गळ्यातला गमचा, धोतराचा सोगा, ओढणी, पदर, यातलं काहीही लोंबत नको. घरातली बाई विडर चालवणार असेल तर साडीवर नको, वरून सदरा आणि खाली पँट असावी. पायात चपला नकोत, पंजा झाकणारे बूट हवेत. मुरमाड रानात खडे उडतात म्हणून चष्मा घाला. लहान मुलं आणि पाठीमागून खुरपत येणाऱ्या बाया यंत्रापासून किमान पंधरा-वीस फूट लांब राहतील असं आधीच सांगून ठेवा.

चालवताना

रुंदी ओळीप्रमाणे ठेवा. कापसाच्या चार फुटी तासात, म्हणजे ४८ इंचांत, पाती ३० इंचांवर ठेवली तर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच मोकळे राहतात. तीन फुटी तासात २४ इंच ठेवा. सोयाबीन ४५ सेंमीवर, म्हणजे जेमतेम दीड फुटावर असतं. त्यात मोठा विडर घालायचा हट्ट नको, तिथे कोळपं, म्हणजे ओळींतून ओढायचं तण काढायचं साधं अवजार, तेच बरं. तेही फुलोऱ्याच्या आधी.

खोली मागच्या खुंटावर ठरते. खुंट खाली केला की यंत्र अडतं आणि खोल खोदतं, वर केला की पुढे पळतं. उभ्या पिकात दोन-तीन इंच पुरे. तण उपटायला तेवढी खोली लागते, त्याच्या खाली पिकाच्या मुळ्या तुटतात. यंत्र पळायला लागलं तर हँडल मागे ओढत बसू नका, खुंट एक भोक खाली करा.

हरळी आणि लव्हाळा माजलेल्या पट्ट्यात विडर घालू नका, हे माझं ठाम मत आहे. पाती हरळीच्या कांड्यांचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा नव्याने फुटतो. एका कोपऱ्यातली हरळी दोन हंगामात रानभर झालेली मी पाहिली आहे. तो कोपरा कुदळीने खणून वेचूनच काढावा लागतो.

आता रिव्हर्स. माझ्या चुलत्यांचा अपघात रिव्हर्समध्येच झाला. धुऱ्याजवळ (बांधाजवळ) जागा कमी होती, यंत्र मागे घ्यायला गेले, टाच ढेकळात अडकून मागे पडले आणि यंत्र अंगावर आलं. लिव्हर सोडला असता तर पाती जागीच थांबली असती. पण दिवसभर दाबून बोटं दुखतात म्हणून त्यांनी तो सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने बांधून टाकला होता. रबराचा तो काळा पट्टा नंतर कित्येक दिवस आखाड्यात खुंटीला होता, फेकायचं कुणाला सुचलं नाही. लिव्हर कधीही, कशानेही बांधू नका. बोटं दुखली तर थांबा. अर्धा तास चालवून पाच-दहा मिनिटं हात मोकळे करा, दोघं असाल तर आलटून पालटून चालवा. रिव्हर्स घ्यायचाच असेल तर रेस अगदी कमी करा, मागे वळून बघा आणि लहान पावलं टाका. शक्य तिथे तासाच्या टोकाला वळायला आठ-दहा फूट मोकळी जागा पेरणीच्या वेळीच सोडा. कठडा नसलेल्या विहिरीच्या आणि खोल नाल्याच्या कडेला तर रिव्हर्स नकोच.

पात्यात अडकलं तर

गवत, नळी, सुतळी, काही ना काही गुंडाळतंच. घाई इथेच होते. इंजिन चालू ठेवून नुसता लिव्हर सोडून हात घालणारे लोक मी रोज बघतो. क्रम बदलू नका: लिव्हर सोडा, गिअर न्यूट्रल करा, स्विच बंद, पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबा, मग स्पार्क प्लगची काळी टोपी ओढून काढा. टोपी बाजूला लोंबताना दिसली की मगच खाली बसा. डिझेल इंजिनाला प्लग नसतो, तिथे इंजिन बंद झाल्यावर इंधनाचा कॉकही बंद करा. हातमोजे घाला आणि विळ्याने पात्यांवरचा वेढा उभा चिरा. चिरल्यावर तो दोन भागांत सुटून येतो, ओढावा लागत नाही. ताणून बसलेली नळी सुटताना पाती झटक्याने अर्धा फेरा फिरू शकतात, म्हणून बोटं दोन पात्यांच्या मध्ये घालू नका.

निगा

संध्याकाळी पाती धुवा, गुंडाळलेलं काढा, सगळे नट पान्याने एकदा आवळा. थरथरीने ते ढिले होतातच. आपल्या धुळीत एअर फिल्टर रोज उघडा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे थोडे थेंब टाकून पिळा आणि बसवा. पेट्रोलमध्ये धुऊ नका.

नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी बदला, त्यानंतर दर ५० तासांनी. काढलेलं काळं ऑइल धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात साठवा. प्लगचं अंतर ०.७ ते ०.८ मिमी असावं, काजळी ब्रशने काढा.

काम संपून विडर दोन-तीन महिने उभा राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि कार्बोरेटर खराब करतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाका, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. पात्यांना ते डब्यातलं जुनं ऑइल फासा. वायरींवर उंदरांचा डोळा असतो, म्हणून विडर धान्याच्या पोत्यांजवळ ठेवू नका.

मृगाच्या आठ दिवस आधी तो बाहेर काढा. ताजं पेट्रोल, तेलाची पातळी, फिल्टर, आणि लिव्हर सोडल्यावर पाती थांबतात का ते. वायर तुटत आली असेल तर तेव्हाच बदलून घ्या, पेरणी सुरू झाली की दुकानात वायर आणि मिस्त्री दोन्ही वेळेवर मिळत नाहीत.